न्हाणीघरात सुचलेली प्रार्थना

२० जुलै, रविवार

आज मंडळाच्या सभेत तोंडातून निघून गेलं आणि आता मी कवी झालो आहे.

आमच्या जबलपूरच्या राइट टाउन मंडळात गणपती बसले की सगळ्यात आधी मुलांची प्रार्थना होते, आणि ती दरवर्षी नवी कोरी लागते. मागच्या वर्षीची चालत नाही. आजवर हे सगळं बेबीताई करायच्या. शब्द त्यांचे, चाल त्यांची, पोरांना दटावणंही त्यांचंच. त्या आता मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या. तर भय्यासाहेब म्हणाले, "पोरांना मराठी येते कुठं? या वर्षी हिंदी भजनाची रेकॉर्ड लावून देऊ, नाचून घेतील. काहून कोणाच्या डोक्याला ताप?" भय्यासाहेब आमचे अध्यक्ष. फॅक्टरीत फोरमन होते. रिटायर झाले, पण अजून पाळीचा भोंगा वाजल्यासारखेच बोलतात.

सगळ्यांनी माना हलवल्या. मला एकदम यशश्री दिसली. माझी नात, तिसरीत आहे. माझं सगळं मराठी तिला कळतं, उत्तर मात्र हिंदीत. आजवर तिच्या तोंडून एक सबंध मराठी वाक्य मी ऐकलेलं नाही. वर्षातून एकदा प्रार्थनेत तेवढे मराठी ओठ हलवते. तेही गेलं तर राहिलं काय?

मी उभा राहिलो. म्हटलं, "मी लिहितो."

"रत्नाकर, तू पंप दुरुस्त करतो," भय्यासाहेब म्हणाले.

"मग? पंपाला सूर नसतो का?"

हसले सगळे. पण ठरलं. पोरं गायली तर प्रार्थना पुढेही राहील. नाही गायली, तर यापुढे कायमची रेकॉर्ड.

२१ जुलै

घरी सांगितलं. सून अवंतिका "अरे वा बाबा" म्हणाली आणि पटकन स्वयंपाकघरात गेली. तिथून कुकरच्या शिट्टीसारखा काहीतरी आवाज आला. बायको शरयू म्हणाली, "तुम्ही? किराण्याची यादी तरी नीट लिहिता का?"

माझा माझ्यावर विश्वास आहे. मोटर वाइंडिंगच्या दुकानात झाडू मारण्यापासून मी सुरुवात केली. आज सदर बाजारात माझं स्वतःचं दुकान आहे, ते या दोन कानांच्या जोरावर. सिहोऱ्याचा शेतकरी मोबाइल मोटरपाशी धरतो आणि मी इथून सांगतो, बेअरिंग गेली की बुश. एकदा तर म्हटलं, "भैया, मोटर ठीक आहे, तुमच्या मागे म्हैस आजारी आहे." खरंच निघाली. अशा कानाला एक चाल सापडू नये?

शरयू आणखी काहीतरी सांगत होती. कचऱ्याची नवीन गाडी लागली, वेळ बदलली, ओला वेगळा, सुका वेगळा, असं काहीतरी. मी हो हो केलं. कवीच्या डोक्यात एका वेळी किती मावणार?

२५ जुलै

'हे गजवदना विघ्नविदारणा वक्रतुंड सुखकारणा.' चार दिवस घासून एवढं झालं. यशश्रीला वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "आजोबा, ये दवाई का नाम है क्या?"

फाडून टाकलं.

२७ जुलै, रविवार

बेबीताईंना पुण्याला फोन लावला. गुरु केल्याशिवाय विद्या नाही, असं मी कामावरच्या पोरांना नेहमी सांगतो, तर स्वतः का पाळू नये?

त्या म्हणाल्या, "रत्नाकरराव, दोनच गोष्टी. मुलं विशेषणं गात नाहीत, क्रियापदं गातात. ये, जा, काढ, टाक, पळ. भरपूर क्रियापदं घाला. आणि चाल अशी पाहिजे की मुलांना वाटावं, ही आपण कुठंतरी ऐकली आहे."

"पण चाल तर नवी हवी ना ताई?"

"नवीच. पण ऐकलेली." आणि फोन ठेवला. मोठी माणसं असंच बोलतात, अर्धं आपल्यावर सोडतात.

३० जुलै

चाल आली!

अंघोळीला बसलो होतो. नळ धो धो सोडलेला, अंगाला साबण. आणि वरच्या झरोक्यातून, खोटं सांगत नाही, चाल उतरली. लांबून, घंटा वाजल्यासारखी. कुठंतरी ऐकल्यासारखी, पण अगदी नवी. अंगावर काटा आला. नळ बंद करून नीट ऐकावं म्हटलं, तर ती दूर दूर जात नाहीशी झाली. देवाचं देणं क्षणाचंच असतं.

तसाच टॉवेलवर बाहेर आलो आणि गुणगुणून मोबाइलमध्ये भरली. शरयू दोन्ही हातांत रिकाम्या बादल्या घेऊन बाहेरून येत होती. म्हणाली, "अहो, शेजारचे बघतील!"

बघू देत.

१ ऑगस्ट

तिसरा दिवस, तीच वेळ, तीच चाल. काल एक तुकडा निसटला होता, तो आज मिळाला. देवानं माझी अंघोळीची वेळ पाठ केलेली दिसते. पाण्यात काहीतरी आहे. नर्मदेचं पाणी नळाला येतं, उगीच नाही.

३ ऑगस्ट, रविवार

आज चाल आली नाही. अर्धा तास बसून राहिलो, मुलगा सौमित्र बाहेरून दार वाजवत होता. देवालाही रविवारची सुट्टी असावी.

पण शब्द आले. चालीवर बोट ठेवलं की शब्द आपले आपण निघत होते.

बाप्पा आले दारी हो, उघडा झटकन दार,
मनामधला मळ सगळा काढून टाका पार!
रुसवा काढा, फुगवा काढा, काढा कटकट,
बाप्पा पुढे जातील हो, करा झटपट!

बेबीताईंची आज्ञा पाळली आहे, क्रियापदंच क्रियापदं. मनातला मळ बाहेर काढायचा ही कल्पना मला कुठून सुचली, माझं मलाच नवल वाटतं. एवढं तत्त्वज्ञान माझ्यात होतं, हे साठीनंतर कळावं!

४ ऑगस्ट

चहा घेताना घरच्यांसमोर गायली. पहिल्याच ओळीला शरयू उठली आणि भराभर मागच्या दाराकडे गेली. मग मध्येच थांबली, माझ्याकडे बघितलं, कपाळाला हात लावला आणि पदरात तोंड घालून उभी राहिली. खांदे हलत होते. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्या गोष्टीनं तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"कशी आहे?" मी विचारलं.

"तुम्हाला... ही अंघोळीत सुचली?"

"हो."

"बरोबर," ती म्हणाली. "तिथेच सुचणार तुम्हाला."

आणि यशश्री! एकदा ऐकलं न ऐकलं तोच पूर्ण चाल उचलली. पाठोपाठ शब्दसुद्धा. 'काढा कटकट' म्हणताना टाळ्या वाजवते, उड्या मारते. अवंतिका काहीतरी बोलायला गेली, "बाबा, ही तर ती..." तर शरयूनं तिचा हात दाबला आणि म्हणाली, "गाऊ दे तिला. मराठी गाऊन राहिली ना? मग गाऊ दे."

ही तर ती काय, ते राहूनच गेलं. 'ही तर तीच बेबीताईंची उंची' असं म्हणायचं असावं.

१० ऑगस्ट, रविवार

कार्यकारिणीसमोर गायलो. नऊच्या नऊ पुरुष डोळे मिटून ऐकत होते. भय्यासाहेब म्हणाले, "अच्छा! चालीत काही तरी घरगुती गोडवा आहे. ऐकल्यासारखी वाटते, पण कुठं ते सांगता येत नाही." मी मनात बेबीताईंना नमस्कार केला. एकमतानं पास.

चहा द्यायला आलेल्या बायका मात्र दारातच ट्रे धरून थिजल्या. नंतर आतून मोठ्यानं हसण्याचा आवाज आला. त्यांचं काहीतरी खाजगी असावं.

१७ ऑगस्ट, रविवार

मुलांचा वर्ग दीपाताई घेतात, शाळेत संगीत शिकवतात त्या. दर रविवारी तिथे चार पोरं यायची आणि त्यातली दोन रडायची. आज वर्ग भरून बाहेर पायऱ्यांवर बसली होती. सगळ्यांना चाल येते! शिकवावीच लागली नाही. दीपाताई म्हणाल्या, "काका, एक विचारू? चाल नक्की हीच ठेवायची?"

"एक सूर बदलायचा नाही. आणि सुरुवातीला नुसती चाल वाजवायची, कीबोर्डवर, घंटेच्या आवाजात. मला तशीच ऐकू आली होती."

त्यांनी ओठ घट्ट मिटले. "घंटेच्या आवाजात. चलो, जशी तुमची इच्छा."

पोरांवर फार जीव आहे बाईंचा. सारखं हसू फुटत होतं.

२१ ऑगस्ट

दुकानात एक मोटर उघडून बसलो होतो आणि नकळत प्रार्थना शिट्टीवर वाजवत होतो. समोरची चहाच्या टपरीवाली डबा हातात घेऊन धावत बाहेर आली, रस्त्याच्या या टोकाला बघितलं, त्या टोकाला बघितलं, आणि मग माझ्याकडे बघत उभी राहिली. मी पूर्ण दोन कडवी वाजवली. हिंदी बाई, पण कलेला भाषा लागत नाही.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

लिहायचं नव्हतं. तरी लिहितोच, नाहीतर डोक्यातून जायचं नाही.

मंडळाच्या गच्चीवर भय्यासाहेबांनी या वेळी दोन भोंगे लावले होते, चारी गल्ल्यांना ऐकू जावं म्हणून. मूर्ती बसली. गुरुजींनी खूण केली. मुलं ओळीनं उभी. यशश्री पुढे, हिरवं परकर-पोलकं. मी माइकवर चार शब्द बोललो, की ही चाल मला प्रत्यक्ष बाप्पानं दिली. दीपाताईंनी कीबोर्डवर नुसती चाल सुरू केली. घंटेचा आवाज. काय घुमली ती!

पहिल्यांदा समोरच्या घरातले अनुपम तिवारी आले. बनियनवर, दोन्ही हातांत बादल्या, एक हिरवी, एक निळी. त्यांच्या मागून त्यांची आई, केळ्याच्या साली घेऊन. मग बाजूच्या गल्लीतून दोघी-तिघी. मग तर रांगच. कोणाच्या हातात पिशवी, कोणाच्या हातात डबा, एक बाई तुटलेली प्लॅस्टिकची खुर्ची ओढत आल्या. सगळे धावत धावत मंडळाच्या फाटकातून आत.

भय्यासाहेबांना वाटलं, दर्शनाला आले. हात जोडून पुढे गेले. "आइए, आइए! भाभीजी, प्रसाद इधर रख दीजिए!" आणि बादलीत डोकावले. आणि मागे सरले.

तिवारी धापा टाकत माझ्याकडे आले. "चाचा, गाड़ी कहाँ है? सुबह से नहीं आई, अब बजी तो इधर बजी!"

मी म्हटलं, "कौन सी गाड़ी?"

"अरे, कचरा गाड़ी! आप ही तो बजा रहे हो!"

तेव्हा मुलं गायला लागली होती. 'बाप्पा आले दारी हो.' समोर एवढ्या बादल्या बघून त्यांना दुप्पट चेव आला. 'काढून टाका पार' म्हणताना सगळी पोरं बादल्यांकडे हात करत होती. फाटकातली एक म्हातारी आधी हसली, आणि मग... जबलपूरला भूकंप झाला होता तेव्हा मी इथेच होतो. आवाज साधारण तसाच होता.

माझ्या या कानांना पहिल्यांदा सगळं एकत्र ऐकू आलं. घंटा. झरोका. दूर दूर जाणारी चाल. रविवारची सुट्टी.

मी स्टेजच्या मागे जाऊन ताडपत्रीखाली बसलो. प्रार्थना संपल्याचं मला कळलं ते टाळ्यांवरून. पोरांनी पुन्हा म्हटली. मग पुन्हा. कोणी सांगितलं नव्हतं.

२८ ऑगस्ट

शरयूला विचारलं, "तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"मला? सगळ्या राइट टाउनच्या बायकांना माहीत होतं."

"मग सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं होतं जी. नवीन गाडी लागली, नवीन चाल लागली, तुम्ही हो हो केलं." ती मोदकाची उकड मळत होती, हात थांबले नाहीत. "आणि सांगितलं असतं तर तुम्ही चाल बदलली असती. आपली पोरगी दिवसभर मराठीत गाऊन राहिली. मी कशाला बदलू देते?"

मी म्हटलं, "एवढ्या दिवसांत मला एकदाही दिसली नाही ती गाडी."

"गाडी आली की तुम्ही अंघोळीला जाता. आधी हातगाडी यायची, तेव्हाही जायचात. गाडीची वेळ बदलली, तशी तुमची अंघोळही बदलली. मी बघते ना."

यावर मला काही सुचलं नाही. न्हाणीघरात असतो तरी सुचलं नसतं.

२९ ऑगस्ट

तातडीची सभा. भय्यासाहेब उभे राहूनच होते. "मंडळाची अब्रू गेली! आजपासून रेकॉर्ड. विसर्जनाच्या दिवशी मुलांची प्रार्थना नाही, पुढच्या वर्षी तर नाहीच. रत्नाकर, तुला काही बोलायचं आहे?"

खरं म्हणजे मी राजीनामा खिशात घालून गेलो होतो. पण बाहेर अंगणात पोरं तेच गात होती, आणि त्यात एक आवाज मला ओळखू येत होता. मी राजीनामा खिशातच राहू दिला.

"एकच विचारतो. दहा तारखेला तुम्ही सगळ्यांनी ही ऐकली. डोळे मिटून ऐकली. कोणालाच काहून नाही ओळखू आली?"



भय्यासाहेब म्हणाले, "मला कशी येणार? त्या वेळी मी पेपर वाचतो."

दुसरे म्हणाले, "मी योगा करतो." तिसरे म्हणाले, त्यांची त्या वेळी पूजा असते. चौथ्यानं खरं सांगितलं, झोपलेला असतो.

"मी अंघोळ करतो," मी म्हटलं. "आता सांगा, ओला कचरा कुठल्या बादलीत?"

"निळ्या," भय्यासाहेब ठामपणे म्हणाले.

दारात बायका उभ्या होत्या. अशा हसल्या की चहाचे कप वाजले. भय्यासाहेबांची मिसेस म्हणाल्या, "हिरव्या हो! हिरव्या! रोज तुमच्या डोळ्यांदेखत नेते मी!"

तेव्हा दीपाताई आत आल्या. "काका लोक, माझं एक म्हणणं आहे. ज्यांना चाल ओळखूच आली नाही, त्यांनी तिच्यावर मत कसं द्यायचं? मत त्यांनी द्यावं जे बादली नेतात. प्रार्थना राहू द्यायची असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

दारात जेवढे हात होते तेवढे वर गेले, ट्रे धरलेले सोडून. खोलीत एकही नाही. मीसुद्धा केला नाही. मला हक्क नव्हता.

भय्यासाहेब खाली बसले. म्हणाले, "गर्दी मात्र कधी नव्हे एवढी झाली होती." पास.

घरी आल्यावर बेबीताईंना फोन केला. त्यांना व्हिडिओ आधीच पोचला होता. हसून हसून त्यांना ठसका लागला. मग म्हणाल्या, "रत्नाकरराव, माझ्या चाली कुठून यायच्या, असं वाटतं तुम्हाला? तुम्ही सगळे हात जोडून म्हणायचात ती शारदेची प्रार्थना आठवते? कुल्फीवाल्याची घंटी होती ती. आणि मारुतीची? स्टेशनवर शंटिंगचं इंजिन. मुलं त्याच गावात राहतात, दुसरं काय ऐकणार?"

"आणि कोणाला कळलं नाही?"

"मुलांना कळायचं ना. म्हणून तर गायची." आणि वर म्हणाल्या, "मी फक्त गच्चीवर भोंगे नाही लावले कधी."

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन. मुलं रस्ताभर गात गेली. गल्ल्यांतून लोक नुसतेच बाहेर येऊन हात हलवत होते. एक-दोन जणांनी सवयीनं बादली आणलीच.

मी आजपासून अंघोळीची वेळ बदलणार होतो, पण आज रविवार. गाडीही नाही, देवही नाही. उद्या.

८ सप्टेंबर, सोमवार

सकाळी अंघोळ न करता फाटकाशी जाऊन उभा राहिलो. हिरवी आणि निळी बादली दोन बाजूंना. शरयू खिडकीतून बघत होती, मी पाहिलं नाही असं दाखवलं. लांबून चाल आली. नळाच्या पाण्याशिवाय ती वेगळीच लागते, जरा फाटलेली. स्पीकरचा आतला पडदा सैल आहे, ड्रायव्हरला सांगितलं पाहिजे.

ड्रायव्हर मोहननं मला बघून ब्रेक मारला. "अरे, आप ही हो का भजन वाले चाचा? बच्चे लोग रोज मेरे पीछे आपका वाला गाते हैं। मेरे को भी याद हो गया।" आणि स्टिअरिंगवर हात आपटत त्यानं म्हणून दाखवली, 'रुसवा काढा, फुगवा काढा.' एक शब्द चुकला नाही.

मी ऐकतच राहिलो. मोहन खिडकीबाहेर हात काढून पुढच्या घराकडे निघाला, आणि मागून दार धाडकन उघडलं. यशश्री एका पायात बूट घालून पायरीवर आली होती.

"आजोबा, गाडी पुढे चालली, बादली घेऊन पळा ना!"

सबंध वाक्य. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मधे एकही हिंदी शब्द नाही. माझे कान चुकत नाहीत.

मी जागचा हललो नाही.

"काय म्हणालीस?"

"अहो पळा ना आजोबा! गाडी गेली!"

"पुन्हा एकदा म्हण."

गाडी कोपऱ्यावरून वळली. दोन्ही बादल्या भरलेल्या तशाच राहिल्या. शरयू जे बोलली ते इथे लिहीत नाही.